वणवा जवळ आला की घर कधी सोडायचं? (लॉस एंजेलिसचा अनुभव, तयारी आणि प्रश्न)

गुलबक्षी (पासाडेना)

दक्षिण कॅलिफोर्नियात सांता आना वाऱ्यांचे दिवस पुन्हा तोंडावर आलेत. वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारा हा वारा डोंगर उतरताना तापतो आणि इतका कोरडा होतो की उतारावरची झुडपं वाळून खडखडीत होतात. जानेवारी २०२५ च्या आगींनंतर इथल्या मराठी घरांमध्ये या विषयावर खूप बोलणं झालं, पण ते सगळं व्हॉट्सॲपवर विखुरलं आणि महिन्याभरात वर सरकून गेलं. कुणाला पुन्हा शोधायचं असेल तर एका जागी असावं म्हणून हा धागा काढते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. घर सोडायचा निर्णय सरकारी आदेशावर ठेवू नका. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा दम्याचा पेशंट असेल तर आदेश यायच्या आधीच निघा.

ज्यांना तेव्हाचं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आधीचे दोन हिवाळे भरपूर पाऊस झाला होता, त्यामुळे डोंगरावर गवत-झुडपं माजली होती. मग २०२४ च्या ऑक्टोबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत लॉस एंजेलिस शहरात जेमतेम ४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे जळण तयारच होतं. ७ जानेवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास समुद्राकडच्या पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये आग लागली. त्याच संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास आमच्या बाजूला ईटन कॅन्यनमध्ये दुसरी लागली. डोंगरावर वाऱ्याचे झोत ताशी १५० किलोमीटरच्या घरात होते. त्या रात्री पाणी टाकणारी विमानं आणि हेलिकॉप्टरं वाऱ्यामुळे उतरवून ठेवावी लागली. दोन्ही आगी पूर्ण आटोक्यात यायला ३१ जानेवारी उजाडली. ३१ माणसं गेली आणि १६,००० हून जास्त इमारती जळाल्या.

आमच्याकडे तेव्हा साताऱ्याहून आई-बाबा आलेले होते. बाबांना दमा आहे. दिवसभर टीव्हीवर पॅलिसेड्सची दृश्यं चालू होती: सनसेट बुलेवारवर लोक गाड्या जागच्या जागी सोडून मुलांना कडेवर घेऊन पळत होते, आणि मागून येणाऱ्या अग्निशमनाच्या गाड्यांना वाट करून द्यायला बुलडोझरने त्या रिकाम्या गाड्या बाजूला ढकलाव्या लागल्या. ते पाहून नवऱ्याने आणि मी दुपारीच ठरवलं की आपल्या बाजूला काही झालं तर आदेशाची वाट बघायची नाही. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगराच्या कुशीत नारिंगी पट्टा दिसला तेव्हा आमच्या भागाला आदेश सोडाच, साधी वॉर्निंगही (आदेशाच्या आधीची, तयार राहा सांगणारी सूचना) आलेली नव्हती. आम्ही निघालो. आई म्हणाली, देव घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. तिने देव्हाऱ्यातले टाक खणाच्या ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवले. त्याला काही वेळ लागला नाही.

वेळ लागला तो गॅरेजला. वीज गेली होती, त्यामुळे गॅरेजचं दार बटणाने उघडेना. छताच्या मोटरला एक लाल दोरी लोंबत असते. ती खाली आणि मागे ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. नवऱ्याला हे माहीत होतं, पण ते जड लाकडी दार एकट्याने उचलवेना. मी आणि बाबांनी हात लावला तेव्हा ते वर गेलं. २०१७ च्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या आगींमध्ये काही लोक याच कारणाने गॅरेजमध्ये अडकले होते, म्हणून राज्याने कायदा केला आणि जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या मोटरला बॅटरी असणं सक्तीचं झालं. जुन्या घरांत जुनीच मोटर असते. आज संध्याकाळी घरी गेलात की ती लाल दोरी शोधा आणि एकदा ओढून बघा. घरातल्या प्रत्येकाला दाखवा, आई-बाबांनासुद्धा.

आमचं घर वाचलं. धूर आत शिरला होता, त्याचं पुढे बरंच झालं, ते नंतर लिहीन. पश्चिम अल्टाडेनात (पासाडेनाच्या उत्तरेला लागून असलेल्या गावात) राहणाऱ्या आमच्या ओळखीच्यांचं घर मात्र राहिलं नाही. तुमचे अनुभव लिहा, प्रश्न विचारा.


मेलबर्नकर

चांगला विषय काढलात. ऑस्ट्रेलियात आम्ही हे फार मोठी किंमत देऊन शिकलो. ७ फेब्रुवारी २००९ ला, ज्याला इथे ब्लॅक सॅटर्डे म्हणतात, मेलबर्नचं तापमान ४६.४ अंशांवर गेलं होतं. व्हिक्टोरियात त्या आगींमध्ये १७३ माणसं गेली. तेव्हाचं धोरण असं होतं की एकतर लवकर निघा, नाहीतर घरी थांबून घर वाचवा. कागदावर ते शहाणपणाचं वाटत होतं. प्रत्यक्षात बरेच लोक 'थोडं थांबून बघू' या तिसऱ्या मार्गाने गेले. दगावलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक घरात किंवा घराच्या आसपासच सापडले. शिवाय संध्याकाळी वारा फिरला आणि आगीची लांबच लांब बाजू होती तीच पुढची आघाडी झाली. ज्यांना वाटत होतं की आग आपल्याला टाळून चालली आहे, त्यांच्याच अंगावर ती आली.

त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि धोक्याच्या पातळ्या बदलल्या. आता सगळ्यात वरची पातळी 'कॅटॅस्ट्रॉफिक'. त्या दिवशी झाडीजवळ राहणाऱ्यांना सांगणं एकच असतं: आदल्या रात्री किंवा पहाटे निघा. आग लागलीये की नाही याची वाट बघायची नाही. आमच्या ओळखीची एक मराठी जोडी डँडेनाँग डोंगरात राहते. असा दिवस जाहीर झाला की ती मुलांना घेऊन शहरातल्या मित्राकडे येते, दिवसभर गप्पा मारते आणि रात्री परत जाते. बऱ्याचदा काहीच घडत नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही.

एक सांगतो, ते कुणी फारसं बोलत नाही. निघताना सुती किंवा लोकरीचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चामड्याचे बूट घाला. नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. ज्वाळा अंगाला न लागताही नुसती धग माणूस मारते.


अनिरुद्ध_सॅनहोजे

लेख आवडला, पण थोडी वेगळी बाजू मांडतो. प्रत्येक रेड फ्लॅग दिवशी (हवामान खातं आगीच्या धोक्याचा इशारा देतं त्या दिवशी) घर सोडणं कसं जमेल? वर्षातून असे कितीतरी दिवस येतात. मुलांची शाळा, दोघांच्या नोकऱ्या, हॉटेलचा खर्च. आणि सगळेच आधी निघाले तर रस्ते तुंबणार, मग ज्यांना खरोखर निघायला हवं ते अडकणार. विभागवार आदेश देतात ते याचसाठी ना?

उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॅम्प फायर नावाच्या आगीचं उदाहरण घ्या. पॅराडाइज गावाकडे विभागवार बाहेर पडायची योजना तयार होती, सरावही झाला होता. तरी ८ नोव्हेंबर २०१८ ला स्कायवे या गावाबाहेर पडायच्या मुख्य रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि ८५ माणसं गेली.


गुलबक्षी

अनिरुद्ध, प्रश्न रास्त आहे. पण तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पॅराडाइजची योजना एकेक विभाग क्रमाने बाहेर काढायची होती. आग सकाळी साडेसहाच्या सुमारास लागली आणि दोन तासांच्या आत गावात शिरली, तीही ठिणग्यांमुळे एकाच वेळी अनेक ठिकाणी. क्रम पाळायला सवडच राहिली नाही. काही भागांना आदेश पोचलाच नाही. गेलेल्यांमध्ये बहुतेक म्हातारी माणसं होती.

अल्टाडेनातही तेच झालं. लेक ॲव्हेन्यूच्या पूर्वेला संध्याकाळीच आदेश गेले. पश्चिमेला आदेश निघाला तो पहाटे तीन वाजून गेल्यावर, आणि तोवर तिथे घरं जळत होती. ईटनच्या आगीतले जवळजवळ सगळे मृत्यू लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेचे आहेत. तो भाग पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा आहे. ज्या काळात त्यांना इतरत्र घर विकत घेऊ देत नव्हते त्या काळात त्यांनी तिथे घरं घेतली. त्यातले कितीतरी जण वयस्कर, एकटे राहणारे. याचा राग मला आजही येतो.

दर रेड फ्लॅगला सामान बांधून निघा असं मी म्हणत नाही. आमच्याकडे आता तीन टप्पे ठरलेत. रेड फ्लॅग जाहीर झाला की गाडी रस्त्याकडे तोंड करून लावायची, पेट्रोल भरायचं, बॅगा दाराशी आणून ठेवायच्या. त्यात हवामान खात्याने 'विशेष धोकादायक परिस्थिती' हे शब्द वापरले (७ जानेवारीच्या आधी वापरले होते) तर आई-बाबांना किंवा मुलांना आदल्या दिवशी सखल भागातल्या मैत्रिणीकडे पोचवायचं. आणि डोंगरात आपल्या बाजूला धूर दिसला की सगळे निघायचं, फोन वाजो न वाजो. रस्ते तुंबतात ते सगळे शेवटच्या तासात निघाल्यामुळे. आम्ही निघालो तेव्हा २१० फ्रीवे मोकळा होता.


नीलमोहर

बरेच दिवस इथे फक्त वाचत होते. आज लिहिते.

आम्ही पश्चिम अल्टाडेनात भाड्याने राहत होतो. रात्री वीज नव्हती, वायफाय नव्हतं, फोनला रेंज येत-जात होती. वाऱ्याचा आवाज इतका होता की खिडक्या फुटतील असं वाटत होतं. आम्ही आदेशाची वाट बघत जागे होतो. तो आला नाही. आमच्या शेजारच्या आजोबांचा मुलगा त्यांना न्यायला आला, त्याने रस्त्यावरचं प्रत्येक दार ठोठावलं. बाहेर आले तेव्हा अंगणात, गाडीच्या टपावर, सगळीकडे निखाऱ्यांचा पाऊस पडत होता. एक निखारा दुपट्ट्यावर पडून भोक पडलं. आम्ही लॅपटॉप आणि मांजर घेऊन निघालो. त्या मुलाने दार वाजवलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

घर गेलं. भाड्याचं असलं तरी घरच ते. आजीची काळी चंद्रकळा गेली, आईने हाताने लिहिलेली पाककृतींची वही गेली. दोघांचे भारतीय पासपोर्ट गेले. या शेवटच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे बहुतेक जण व्हिसावर आहेत आणि तेव्हा मला कुणाकडून धड माहिती मिळत नव्हती.

पासपोर्ट जळाला तर आधी पोलिसात नोंद करून कागद घ्या. मग भारतीय वकिलातीकडे हरवलेल्या/नष्ट झालेल्या पासपोर्टच्या बदल्यात नव्यासाठी अर्ज. नवा पासपोर्ट मिळतो. पण त्यातला अमेरिकन व्हिसाचा शिक्का अमेरिकेत राहून पुन्हा मिळत नाही, त्यासाठी बाहेर जाऊन मुलाखत द्यावी लागते. याचा अर्थ तुमचं इथलं वास्तव्य बेकायदा होतं असं नाही. आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) वैध असला की राहता येतं, आणि तो सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून घेता येतो. आय-७९७ ची (व्हिसा-अर्ज मंजुरीच्या पत्राची) प्रत कंपनीच्या वकिलाकडे असते, ती मागवा. माझ्याकडे पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचे आणि व्हिसाचे फोटो ईमेलमध्ये होते, त्यामुळे सगळा अर्ज निभावला. ज्यांच्याकडे नंबरसुद्धा नव्हता त्यांना फार त्रास झाला.


गुलबक्षी

नीलमोहर, तुम्ही लिहिलंत, फार मोलाचं आहे हे. पाककृतींच्या वहीचं वाचून गलबललं.

कागदपत्रांचे फोटो म्हटलंत त्यात एक भर घालते, आई-बाबांसाठी. भारतातून आणलेल्या गोळ्यांची नावं इथे चालत नाहीत. पट्टीच्या मागे लिहिलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दिसेल असा प्रत्येक पट्टीचा फोटो काढून ठेवा. औषधं मागे राहिली तर अर्जंट केअरमधला डॉक्टर त्यावरून इथली गोळी लिहून देऊ शकतो. बाबांचा पंप आम्ही आता दोन ठिकाणी ठेवतो, एक बॅगेत, एक गाडीत बसताना बाबांच्याच खिशात.


सुमन_पुणे

मी पुण्यात असते. लेक, जावई आणि नात ग्लेंडेलला. ७ तारखेची तिथली रात्र म्हणजे आमचा ८ तारखेचा दिवस. इथे टीव्हीवर आग, आणि लेकीचा फोन लागेना. मी आणि हे दिवसभर फोन हातात धरून बसलो होतो. मग दोन दिवसांनी, जरा बरं वाटतंय तोवर, लेकीने सांगितलं की सगळ्यांच्या फोनवर घर सोडायचा संदेश आला आणि मग कळलं की तो चुकून आला. असं कसं होतं? आणि आम्ही इथे बसून नेमकं काय करावं? उगाच फोन करून त्यांचा वेळ खातो का असंही वाटतं.


गुलबक्षी

सुमनताई, तुमची घालमेल समजू शकते. माझे सासू-सासरे तेव्हा नाशिकला तसेच बसून होते.

तो चुकीचा संदेश ९ जानेवारीचा. वेस्ट हिल्सजवळ केनेथ नावाची आग लागली होती, तिथल्या लोकांसाठीचा आदेश संपूर्ण लॉस एंजेलिस काउंटीला गेला, म्हणजे जवळजवळ एक कोटी लोकांना. नंतर पुन्हा काही चुकीचे संदेश आले. वैतागून आमच्या ओळखीच्या काही जणांनी फोनवरच्या सूचना बंदच करून टाकल्या. लेकीला तेवढं नक्की सांगा, सूचना बंद करायच्या नाहीत. त्यासोबत वॉच ड्यूटी हे ॲप ठेवायला सांगा. ती विनानफा संस्था आहे, निवृत्त अग्निशमन जवान आणि स्वयंसेवक रेडिओवरचं बोलणं ऐकून नकाशावर आग कुठवर आली ते टाकत राहतात. दुसरं म्हणजे जेनासिस प्रोटेक्टच्या नकाशावर आपल्या घराचा विभाग क्रमांक बघून तो फ्रिजवर चिकटवून ठेवायचा. आदेश त्या क्रमांकाने येतात आणि ऐन वेळी तो शोधत बसणं नको.

तुमच्यासाठी: घरातला एकच माणूस ठरवा, त्यालाच लेकीने संदेश पाठवायचा आणि त्याने बाकी सगळ्यांना कळवायचं. अशा वेळी कॉल लागत नाहीत, पण मजकूर रेंज मिळेल तेव्हा जातो. आणि ताई, तुम्ही अजिबात वेळ खात नाही. हे सगळं तुम्हीच लेकीच्या मागे लागून आधी करून घ्या. आईने तीनदा विचारलं की आम्ही करतो.


सह्यवाटा

मी कोल्हापूरचा, वणवे विझवायला जाणाऱ्या एका गटात असतो. आपल्याकडची तऱ्हा वेगळी आहे म्हणून लिहितो. सह्याद्रीत वणव्यामुळे अख्खी गावं हलवावी लागत नाहीत, पण गोठे, वैरणीच्या गंजी, कोकणातल्या आंबा-काजूच्या बागा दरवर्षी जळतात. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो, त्याच्या आधी जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढतात. बहुतेक आगी माणसानेच लावलेल्या असतात. गवत चांगलं येतं ही समजूत, नाहीतर बांध जाळताना सुटलेली आग. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात आगी पसरल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आणावी लागली. उत्तराखंडात तर चीडचा पिरुल (पाइनची वाळलेली सुयांसारखी पानं) दर उन्हाळ्यात पेट घेतो. जून २०२४ मध्ये बिनसरला वन विभागाचे कर्मचारी आग विझवताना गेले. त्यांच्याकडे साधी साधनंही धड नसतात, पानांच्या फांद्यांनी आग झोडपतात. आम्हीही तेच करतो.

एक विचारायचं होतं. अल्टाडेनाच्या फोटोंत घर जळून राख झालंय आणि शेजारचं झाड हिरवंगार उभं आहे, हे कसं? आपल्याकडे उलट असतं.


घरबांधणी (सॅन डिएगो)

सह्यवाटा, याचं उत्तर ठिणग्या. जंगलातून येणारी ज्वाळांची भिंत बहुतेक घरांपर्यंत पोचतच नाही. वाऱ्यावर निखारे मैल-दोन मैल उडत येतात आणि घराचा कच्चा दुवा शोधतात. माळ्याला जाळीदार झरोके असतात, त्यांतून आत शिरतात. पन्हाळीत साचलेल्या पाचोळ्यावर पडतात. घराला टेकलेलं लाकडी कुंपण पेटतं आणि आग थेट भिंतीला नेऊन भिडवतं. घर आतून पेटतं, तासन् तास जळतं, आणि मग एका घराची धग शेजारच्या घराच्या काचा फोडते. जिवंत झाडाच्या अंगात पाणी असतं, ते तग धरतं. पुढे पुढे तर आग घराकडून घराकडेच जात होती, जंगलाचा संबंधच उरला नव्हता.

म्हणून भिंतीपासूनच्या पहिल्या पाच फुटांत काहीही जळण्यासारखं नसावं यावर इथे आता भर आहे. लाकडाचा भुगा घातलेले वाफे, खिडकीखालची झुडपं, पायपुसणं, भिंतीला टेकवलेली लाकडी शिडी, सगळं बाजूला. झरोक्यांना एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी. पन्हाळी साफ. यातलं बरंचसं दोन शनिवार-रविवारात स्वतः होतं, खर्चही फार नाही. खिडक्या-छप्पर बदलणं महाग, ते नंतर.

पाण्याबद्दलही लिहितो, कारण बागेचा पाइप घेऊन छपरावर उभं राहायचं असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. पॅलिसेड्समध्ये त्या रात्री डोंगरावरचे हायड्रंट (आग विझवायचे रस्त्यावरचे नळ) कोरडे पडले. एकाच वेळी इतकं पाणी ओढलं गेलं की वरच्या टाक्या भरेनात, आणि तिथला सँटा इनेझ जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा होता. शहराची नळव्यवस्था एका-दोन घरांच्या आगीसाठी आखलेली असते. तुमच्या नळाला दाब असेल हे गृहीत धरू नका.


हिशेबनीस

मी इन्शुरन्स क्षेत्रात काम करतो, कुठल्या कंपनीत ते सांगत नाही. मोबाइल घेऊन घरभर फिरा आणि एक व्हिडिओ काढा. प्रत्येक कपाट उघडा, खण ओढा, स्वयंपाकघरातली भांडी दाखवा, तोंडाने बोलत जा काय कधी घेतलं. क्लेम करताना वस्तूंची यादी मागतात, आणि घर गेलेल्या माणसाला तेव्हा चमचेसुद्धा आठवत नाहीत. मिक्सर, कुकर, साड्या, दागिने, मुलांची वाद्यं. आपल्या घरातल्या साड्यांची किंमत इथल्या ॲडजस्टरला (नुकसान मोजणाऱ्या माणसाला) कळत नाही, बिलं किंवा फोटो हवेत. दागिन्यांवर पॉलिसीत मर्यादा असते, ती वाढवून घ्या.

पॉलिसीत 'रिप्लेसमेंट कॉस्ट' (तशीच नवी वस्तू घ्यायचा खर्च) आहे की 'ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू' ते आजच बघा. दुसऱ्यात घसारा वजा होतो आणि हातात फार कमी येतं. भाडेकरूंनी रेंटर्स इन्शुरन्स घ्याच. महिन्याला फार पडत नाही, आणि त्यात तात्पुरत्या राहण्याचा खर्चही असतो.

पॉलिसी रद्द होण्याची भीती खरी आहे. मार्च २०२४ मध्ये स्टेट फार्मने कॅलिफोर्नियातल्या सुमारे ७२,००० पॉलिसींचं नूतनीकरण करणार नाही असं जाहीर केलं होतं, त्यात पॅलिसेड्समधली बरीच घरं होती. असे लोक मग फेअर प्लॅनकडे जातात, म्हणजे दुसरीकडे विमा न मिळणाऱ्यांसाठीच्या शेवटच्या पर्यायाकडे. तो मुख्यतः आगीपुरता असतो, चोरी-पाणीगळती-दायित्व यांसाठी वेगळी पॉलिसी जोडावी लागते. आणीबाणी जाहीर झालेल्या आगीच्या आसपासच्या पिनकोडमध्ये मात्र वर्षभर घराची पॉलिसी काढून घेता येत नाही, तसा राज्याचा कायदा आहे. कंपनीचं पत्र आलं तर घाबरून गप्प बसू नका.


गुलबक्षी

धुराबद्दल लिहीन म्हटलं होतं. आमचं घर उभं होतं म्हणून सगळे म्हणाले, सुटलात. आत पाऊल टाकलं तर खिडकीच्या चौकटीत, देव्हाऱ्यात, गाद्यांवर राखेचा बारीक थर. ती लाकडाची राख नसते. जुन्या घरांचा रंग, वायरी, गाड्यांच्या बॅटऱ्या, सगळं त्यात जळलेलं असतं, शिसं आणि ॲस्बेस्टॉससकट. हवेच्या निर्देशांकाचं ॲप हिरवं दाखवत असलं तरी ते या गोष्टी मोजत नाही.

आमच्या इन्शुरन्सवाल्यांचं म्हणणं पडलं की स्वच्छता करणाऱ्यांना बोलवा, झालं. आम्ही हटून बसलो, स्वतंत्र तपासणीसाकडून नमुने घेतले, शिसं निघालं, मग गाद्या आणि कार्पेट बदलायचे पैसे मंजूर झाले. तपासणीआधी काहीही पुसू नका, फोटो काढा. आत जाताना एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. केरसुणी किंवा साधा व्हॅक्यूम नको, राख पुन्हा उडते. मुलांना आणि आई-बाबांना पहिल्या फेरीला नेऊ नका. काही भागांत नळाचं पाणी पिऊ नका असे आदेश होते, कारण तापलेल्या पाइपांतून बेंझिनसारखी रसायनं उतरतात आणि उकळून ती जात नाहीत. हे आईला समजावणं अवघड गेलं, कारण आपल्याकडे उकळलं की पाणी शुद्ध.


ईशान_एडमंटन

कॅनडातून. मे २०१६ मध्ये फोर्ट मॅकमरी रिकामं केलं तेव्हा सुमारे ८८,००० लोक बाहेर पडले, आणि दक्षिणेकडे यायला एकच रस्ता, हायवे ६३. दोन्ही बाजूंना आग आणि मध्ये गाड्या. कित्येक गाड्यांचं पेट्रोल वाटेत संपलं, पोलिसांच्या सोबतीने टँकर पाठवावे लागले. एडमंटनला यायला चार-साडेचार तास लागतात, लोकांना कितीतरी जास्त लागले. आमच्याकडे एक मराठी कुटुंब येऊन राहिलं, आधी ओळखही नव्हती. आजही दिवाळीला त्यांचा फोन येतो.

तेव्हापासून आमच्या घरात टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. आता इलेक्ट्रिक गाडी आहे, तर उन्हाळ्यात रात्री ८० टक्क्यांपर्यंत चार्ज ठेवतोच, कारण आगीच्या आधी वीज जाते. जुलै २०२४ मध्ये जॅस्पर रिकामं करताना २५,००० लोक रात्रीतून हलवले, त्यात निम्म्याहून जास्त पर्यटक होते. रॉकीज बघायला येणाऱ्या आपल्या मंडळींनीही उन्हाळ्यात आगीचा नकाशा बघूनच बुकिंग करावं.


अनिरुद्ध_सॅनहोजे

गुलबक्षी, तीन टप्प्यांची कल्पना पटली. आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे, दोन्ही मुलं दोन वेगळ्या शाळांत. आग दिवसा लागली तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काल दोन्ही शाळांना फोन करून मुलांना घेऊन जाऊ शकणाऱ्यांच्या यादीत दोन शेजाऱ्यांची नावं घातली. यादीत नाव नसेल तर शाळा मूल ताब्यात देत नाही, आणीबाणीतसुद्धा. शाळा रिकामी करून मुलांना कुठे नेतात तो पत्ताही विचारून घेतला. आदल्या दिवशी निघण्याबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे. आमच्या घरात म्हातारं कुणी नाही, आम्ही वॉर्निंगला निघू.


पिंपळपान

मी पासाडेनात शिकतो, गाडी नाही. रूममेटकडेही नाही. आम्ही तिघं आहोत. आदेश आला तर आम्ही काय करायचं हे कुणी सांगेल का? जानेवारीत मी इथे नव्हतो.


नीलमोहर

पिंपळपान, सगळ्यात आधी तुमच्या बिल्डिंगमधल्या गाडी असलेल्या दोन घरांशी आत्ताच बोलून ठेव, तेव्हा नाही. मला शेजाऱ्यानेच बाहेर काढलं. २११ या नंबरवर काउंटीची मदत मिळते, वाहनाचीही विचारणा तिथे करता येते. जानेवारीत मेट्रोने बस आणि ट्रेनचं भाडं माफ केलं होतं. पण बस वळवलेल्या असतात, म्हणून धूर दिसला की वाट न बघता पहिली मिळेल ती पकडून दक्षिणेकडे निघायचं. तुझ्या विद्यापीठाची आणीबाणीची सूचना फोनवर चालू आहे ना, बघ.


गुलबक्षी

पिंपळपान, मला व्यक्तिगत संदेशात तुमचा रस्ता आणि तिघांचे नंबर पाठव. आमच्या दोन गाड्यांत मिळून तीन जागा रिकाम्या असतात. प्रत्येकी एकच बॅग, आणि पासपोर्ट अंगावर. रेड फ्लॅग लागला की मी सकाळी तुम्हाला मेसेज करेन, त्या दिवशी फोन चार्ज ठेवा.